आधी पाणी, मग गवत, नांगर सगळ्यात शेवटी

बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागा, अंबरनाथहून मलंगगडाच्या पायथ्याकडे वळा किंवा उल्हासनगर ओलांडून म्हारळ, कांबा, रायते असं मुरबाडच्या दिशेने जा. कुठे ना कुठे ताडपत्रीखाली उभा असलेला, पुढचं चाक बसलेला छोटा ट्रॅक्टर दिसतोच. पहिल्या वर्षी त्याला झेंडूची माळ घातली गेली, दुसऱ्या वर्षी त्याने चिखलणी केली, तिसऱ्या वर्षी बॅटरी उतरली. मालक डोंबिवलीत किंवा ठाण्यात नोकरीला, जागा दीड-दोन एकर. हप्ते मात्र चालू आहेत.

लहान जागेसाठी यंत्र घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो, हॉर्सपॉवरचाही नसतो. हे यंत्र वर्षातले किती दिवस चालणार, हा असतो. दुसरा प्रश्न, ते चालवणार कोण. तुम्ही शनिवार-रविवार येणार आणि बाकीचे पाच दिवस राखणदार जोडपं राहणार असेल, तर यंत्र त्यांच्या हाताला झेपेल असं हवं. या दोन प्रश्नांची खरी उत्तरं दिली, तर आपल्या भागात खरेदीचा क्रम जवळजवळ ठरूनच जातो: आधी पाण्याचा पंप, मग गवत काढायचं मशीन, मग माल वाहायची सोय आणि नांगरणीचं यंत्र शेवटी; तेही विकत घ्यायची वेळ आलीच तर. बहुतेक जण हा क्रम बरोबर उलटा लावतात.

याचं कारण इथली जमीन आणि पाऊस. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. खाली भाताची खाचरं, वर उताराची वरकस जमीन, मध्ये मुरूम आणि कातळ. जुलैत चिखलात पाय रुततो, ऑक्टोबरात गवत कमरेच्या वर जातं आणि एप्रिलमध्ये त्याच जागेवर कलमांना घालायला पाणी नसतं. विदर्भातल्या काळ्या सपाट रानासाठी योग्य ठरलेलं यंत्र इथे योग्य ठरेलच असं नाही. मोबाइलवरचे ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघताना ते कुठल्या जमिनीवरचे आहेत, तेवढं आधी बघावं.

पंपापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे फुकट जातात. दुकानदार तीन किंवा पाच हॉर्सपॉवरचा पंप सुचवतो आणि आपणही ‘असू दे जरा जास्त’ म्हणून घेतो. जरा हिशेब करा. दोन एकरात दीडशे कलमं आहेत आणि प्रत्येकाला एका वेळी वीस लिटर पाणी द्यायचंय, म्हणजे तीन हजार लिटर. सेकंदाला एक लिटर उपसणारा पंप तासाला छत्तीसशे लिटर देतो. म्हणजे तासाभरात काम झालं. पाणी चाळीस मीटर वर उचलायचं असेल, तर सेकंदाला एक लिटर गुणिले चाळीस भागिले पंचाहत्तर, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरच्या थोडं वर. पंपाची कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तरी एक ते दीड हॉर्सपॉवरमध्ये भागतं. मोठा पंप लावला तर तो बोअरमधलं पाणी दहा मिनिटांत संपवतो, कोरडा फिरतो आणि वाइंडिंग जाळून घेतो.

विहीर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप पाणी ओढून घेतो आणि असं ओढणं व्यवहारात सहा-सात मीटरपर्यंतच जमतं. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असते तेव्हा तो झकास चालतो. एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की नुसता घुरघुरतो. मग लोक फूट व्हॉल्व्ह बदलतात, मेस्त्री बोलावतात. दोष पंपाचा नसतो. अशा विहिरीला पाण्यात सोडायचा ओपनवेल सबमर्सिबल घ्यावा. केबलच्या जाडीत काटकसर करू नये. मीटरपासून विहीर लांब असेल तर बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर तापून जाते. उल्हास किंवा बारवी नदीच्या काठाला जागा असेल, तर स्टार्टर आणि पॅनल कुठे बसवायचे हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवा. २००५च्या २६ जुलैला आणि पुन्हा २०१९च्या जुलैअखेरीस पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांना भिंतीवर बोट ठेवून दाखवता येतं. २०१९मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या पट्ट्यात कमरेच्या उंचीवरचा पॅनल म्हणजे पाण्यातलाच पॅनल.

सातबाऱ्यावर नाव असेल आणि शेतात पाण्याचा शाश्वत स्रोत असेल, तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेकडे जरूर बघा. अडीच एकरापर्यंतच्या शेतकऱ्याला तीन हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटाला किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. ढगाळ पावसाळ्यात सौर पंप मंदावतो, पण तेव्हा पाणी देणार कोणाला? एप्रिल-मेच्या उन्हात तो पुरेपूर चालतो आणि गरज तेव्हाच असते. रात्री जागेवर कोणी नसेल, तर पॅनलच्या आणि केबलच्या चोरीचा विचार मात्र आधी करा.

आता गवत. नव्या जमीनमालकाला ज्याची कल्पनाच नसते, ते काम हेच. जूनमध्ये हिरवळ बघून घरचे खूश होतात. गणपतीपर्यंत कमरेइतकं गवत माजतं, त्यात घोणस आणि फुरसं कुठे बसलंय ते दिसत नाही. दिवाळीनंतर ते वाळतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरून वणवा खाली उतरला, तर पाच वर्षांची कलमं एका दुपारी जातात. म्हणून ब्रश कटर, ज्याला इथे सगळे ग्रास कटरच म्हणतात, ही पंपानंतरची पहिली खरेदी. वर्षातून तीन वेळा तरी तो सगळ्या जागेवर फिरतो. दिवाळीच्या आसपास हद्दीच्या कडेने दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.

त्यात टू-स्ट्रोक घ्यायचा की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलका, ताकदीला चोख, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत पंचवीसास एक असेल तर लिटरला चाळीस मिलि, पन्नासास एक असेल तर वीस मिलि. बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतलेल्या ऑइलने जितकी इंजिनं बसली असतील, तितकी दगडाने तुटली नसतील. तुम्ही नसताना मशीन दुसरंच कोणी चालवणार असेल, तर फोर-स्ट्रोक बरा. त्यात साधं पेट्रोल जातं आणि ऑइल वेगळं तपासायचं. तो टू-स्ट्रोकपेक्षा थोडा जड असतो आणि महागही, पण चुकीला जागा कमी ठेवतो. उताराच्या वरकस जमिनीवर काम जास्त असेल, तर खांद्याला लटकणाऱ्या साइड पॅकपेक्षा पाठीवरचा बॅक पॅक बरा. इंजिनाचं वजन एका बाजूला ओढत नाही.

पातं कुठलं लावायचं, यावर अर्धं काम अवलंबून असतं. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी, माजलेल्या गवताला आणि बारीक झुडपाला तीन दातांचं पातं, रानमोडी आणि घाणेरीच्या लाकडाळ खोडांना ऐंशी दातांचं. नायलॉन निरुपद्रवी वाटतो, पण कलमाच्या बुंध्याला दोन-तीनदा लागला तर गोल साल निघते आणि वरून धडधाकट दिसणारं झाड महिन्या-दोन महिन्यांत वाळतं. तेव्हा प्रत्येक कलमाभोवती हातभर वर्तुळ विळ्याने काढायचं, मशीन त्याच्या बाहेरच फिरवायचं. विळा वैभव घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला हा दातेरी विळा हलका असतो आणि साध्या विळ्यासारखी सतत धार लावावी लागत नाही. डोळ्यांवर गॉगल, पायात गमबूट आणि पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस नको. आपल्या मुरमाड जमिनीत पात्याखालून सुटलेला खडा गोफणीसारखा येतो.

वाहनाकडे वळताना स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. फोर बाय फोर जीप ही बऱ्याचदा हौस असते आणि हौसेला मोल नसतं हे मान्य. फक्त ती शेतीच्या खर्चात दाखवू नये. जून ते सप्टेंबर तुमच्या जागेवर जाणारा शेवटचा अर्धा किलोमीटर चिखलाचा असेल आणि तुम्हाला रोज जायचं असेल, तर जिम्नी किंवा थारला कारण आहे. नाहीतर तेच पैसे त्या अर्ध्या किलोमीटरवर मुरूम टाकून, बाजूला गटार काढून आणि ओहोळावर पाइप बसवून खर्च केले, तर साधी गाडीही पोहोचते, टेम्पोही पोहोचतो आणि रात्री-अपरात्री रुग्णवाहिकाही. मुरमाच्या चढावर माल भरलेली पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जागीच फिरते, कारण वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. ईको किंवा सुपर कॅरीसारखी मागच्या चाकांवर ओढणारी गाडी तिथे भरलेली असतानाच जास्त चांगली चढते.

रोजच्या ये-जा करण्याला मात्र चार चाकं लागतच नाहीत. राखणदाराला बाजारातून खताची गोणी, पशुखाद्य, डिझेलचा कॅन आणायचा असतो आणि त्यासाठी टीव्हीएसची एक्सएल जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कुठलीही दुचाकी पडत नाही. पुढे पाय ठेवायची सपाट जागा, मागे सीट काढून कॅरिअर, दुरुस्ती कुठल्याही नाक्यावर. शहरातून येणारे तिला हसतात आणि वर्षभराने तीच घेतात.

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस किंवा त्याच्या जातीचं वाहन, तेव्हाच घ्यावं जेव्हा विकायला माल आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण जांभूळ झाडावरून उतरलं की दुसऱ्या दिवशी त्याची किंमत उतरते. मे-जूनच्या त्या थोड्या आठवड्यांत पहाटे क्रेट भरून कल्याणच्या बाजारात पोहोचणारं स्वतःचं वाहन पैसे कमावून देतं. एरवी खताची एक खेप आणि नर्सरीतून रोपांच्या दोन खेपा, यासाठी बदलापूर किंवा अंबरनाथच्या स्टँडवरचा टेम्पो भाड्याने केलेला स्वस्त. घेतलंच तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. एकूण भारासह तीन हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मात्र फिटनेस प्रमाणपत्र लागतं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीशी वाद झाला तर हे लक्षात असलेलं बरं.

आता तो ट्रॅक्टर. दोन एकर भाताची उखळणी आणि चिखलणी रोटावेटरने दोन दिवसांत आटोपते. भातानंतर वाल किंवा हरभरा टाकलात तर आणखी एखादा दिवस. मिनी ट्रॅक्टरला चार लाखांच्या आसपास मोजून वर्षातले तीन-चार दिवस तो चालणार असेल, तर गणित बसत नाही. पूर्वी पौषात म्हसा यात्रेच्या बाजारातून बैलजोडी आणणारा शेतकरीही वैरणीचा हिशेब वर्षाचा धरायचा, कामाच्या दिवसांचा नाही. हप्ता ही आजची वैरणच.

भाड्याच्या बाजूने सगळं सोपं आहे असंही नाही. जुलैत दोन दिवस पाऊस चांगला लागला की गावातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो आणि शहरातून फोन करणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो. तोवर राबातली रोपं निबर होतात. स्वतःचं यंत्र असावं, या बाजूचा हा एकच खरा मुद्दा आहे आणि तो वजनदार आहे. त्याला माझ्या मते मिनी ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर हे चांगलं उत्तर आहे, तेही बांधाला बांध लागलेल्या तीन-चार जणांनी मिळून. आपली खाचरं चार-पाच गुंठ्यांची. दोन टनांचा मोठा ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध फोडतो आणि तो बांध पुन्हा घालायला गडी लागतात. बारा-तेरा हॉर्सपॉवरचा टिलर चार-साडेचारशे किलोचा असतो, लोखंडी चाकं लावली की चिखलात तरतो, कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. पण तो आडदांड आहे. मागे चालत हँडल धरून वळवायचा, वळताना त्या बाजूचा क्लच दाबायचा आणि उतारावर तेच उलटं काम करतं, हे अंगवळणी पडेपर्यंत खांदे भरून येतात. घेण्याआधी तो चालवणाऱ्या माणसाला एक सकाळ चिखलात चालवून बघू द्या, शोरूमच्या फरशीवर नाही. पाच-सात हॉर्सपॉवरचा पॉवर वीडर वेगळा. तो भाजीच्या वाफ्यांसाठी आणि बागेतल्या ओळींसाठी चांगला, चिखलणीला त्याच्या भरवशावर राहू नये.

पाच एकराच्या वर जमीन असेल, शेजाऱ्यांकडे भाड्याने कामं मिळणार असतील आणि घरात चालवणारा असेल, तर पंधरा ते चोवीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर जरूर घ्या. सप्टेंबर २०२५पासून अशा ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, शेती अवजारांवरचाही. मात्र वरकसच्या उतारावर आडवा चालवू नका. सरळ वर-खाली चालवा. आणि पीटीओच्या, म्हणजे अवजाराला गती देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचं कव्हर काढून टाकायची गावोगावची सवय मोडा. साडीचा पदर किंवा पंचाचं टोक त्यात गेलं, तर किल्ली फिरवायला वेळ मिळत नाही.

नांगरणीच टाळायचा मार्गही आपल्या शेजारीच निघाला आहे. नेरळजवळच्या मालेगावला सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, रुजवलं. एकदा गादीवाफे करायचे, त्यावर साच्याने खड्डे पाडून भात टोकायचा. पुढच्या वर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ट्रॅक्टर लागतो तो पहिल्या वर्षी वाफे पाडायला, तोही भाड्याचा. यात तणासाठी तणनाशकावर बरीच भिस्त ठेवावी लागते आणि ते पटत नसेल त्याने आधी प्रत्यक्ष शेत बघून ठरवावं. शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याला मात्र ही पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते. कर्जतचं भात संशोधन केंद्रही फार लांब नाही; वाणांची आणि यंत्रांची माहिती तिथे मिळते.

यंत्रांच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. सातबारा आणि आता फार्मर आयडीही लागतो. फार्महाऊसच्या सोसायटीतला प्लॉट असेल आणि सातबारा तुमच्या नावावर नसेल, तर तो विषय तिथेच संपतो. पूर्वसंमतीचं पत्र हातात पडण्याआधी यंत्र खरेदी केलं तर अनुदान जातं. दुकानदार ‘आज घ्या, कागद मागाहून करू’ म्हणाला, तरी थांबा.

जुनं यंत्र घेण्यात कमीपणा नाही. ट्रॅक्टर असेल तर रोटावेटर हायड्रॉलिकवर पूर्ण उचलायला सांगा, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत रोटावेटर खाली टेकला असेल, तर लिफ्टचं काम निघालंय. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल, तर का ते विचारा. आरसी बुकवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तिची एनओसी मिळेपर्यंत पैसे देऊ नका. हा बोजा कल्याणच्या आरटीओत, एमएच-०५च्या नोंदीत तपासता येतं.

सुट्या भागांसाठी उल्हासनगर आहेच. ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद जुना आहे आणि तो करणाऱ्यांनीही बेल्ट, बेअरिंग, केबल तिथूनच आणलेली असते. भाग घ्या, मोटरचं वाइंडिंगही करून घ्या. फक्त पूर्ण यंत्र घेताना ज्या नावाचं सर्व्हिस सेंटर कल्याण-बदलापूर पट्ट्यात नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी सोडा. लोखंडी चाकं, ट्रॉलीचा हूक, टिलरची दुरुस्ती यासाठी अंबरनाथच्या एमआयडीसीच्या आसपास लेथ आणि वेल्डिंगची कामं करणारे आहेत. नमुना घेऊन जा, फोटो घेऊन नको.

झाडं तोडायला चेनसॉ घ्यायचा विचार असेल, तर आधी वन खात्याकडे चौकशी करा. १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन तर आहेतच. आंबा आणि जांभूळही आहेत, मग ते तुमच्याच बांधावर का असेनात.

आणि कुठलंही यंत्र आणण्याआधी शेड. यंत्र ताडपत्रीखाली ठेवलं तर आपल्या पावसात वरून भिजत नाही, खालून गंजतं. फूट-दीड फूट उंच जोतं, सिमेंटची जमीन, दोन्ही बाजूंनी वारा आणि वायरी कुरतडणाऱ्या उंदरांसाठी पिंजरा एवढं पुरे. पेट्रोलवर चालणारं जे यंत्र दोन-तीन महिने लागणार नाही, त्याची टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सोडतं. मग सप्टेंबरात दोरी ओढून ओढून दंड दुखतात आणि मेस्त्री येऊन दहा मिनिटांत जेट साफ करून पैसे घेऊन जातो.